दाजी, आधी दिवा बघा

परवा सकाळी आमच्या घरचं नेट गेलं आणि मी शरदला फोन लावला.

शरद म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन महिना उलटून गेला होता. मला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणू? खांदा मी दिला, दहाव्याला येडगावला नदीकाठी मी उभा होतो, आल्यागेल्याला चहा मी विचारला. पण नेट गेलं की माझी बोटं आपोआप त्याच्या नावावर जातात. इतक्या वर्षांची खोड, तिला मयत-माती काही कळत नाही. रिंग जाऊ लागली. ‘शरद, अरे दिवा लाल झालाय रे’ हे वाक्य मी तोंडात तयार ठेवलं... आणि आतल्या खोलीत, कपाटात, फोन वाजायला लागला. तरी माझ्या डोक्यात काही शिरेना. उलट मीच मोठ्याने ओरडलो, “अगं, कुणाचा तरी फोन वाजतोय बघ!” शैला, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने माझ्या कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि कणकेच्या हातांनी तशीच आत गेली. मी निदान कट तरी करायला हवं होतं. तेही सुचलं नाही.

त्यानंतर ती जे म्हणाली ते लिहायलाच मी बसलोय. पण त्याच्याआधी शरद सांगायला हवा, नाहीतर तिच्या बोलण्याचा अर्थ लागायचा नाही.

शरद पुण्याबाहेरच्या एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये कामाला होता. हे नुसतं सांगून आमच्या भागात कुणाला काही कळत नसे, मलाही कळत नसे. तो समजावायचा, ‘दाजी, बटाट्याचं कोल्ड स्टोरेज बघितलंय ना? तसला गारठा, तसल्या रांगा, फक्त बटाट्याच्या जागी लोखंडी कपाटं. कपाटात चपट्या खणांसारखी मशीनं रचलेली.’ कळंबला माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. टोमॅटोच्या पानावर डाग पडला की शेतकरी फोटो काढून मला पाठवतो. तो फोटो आधी असल्याच कुठल्यातरी कपाटात जातो आणि मग माझ्या खिशात येतो, असं शरदने सांगितल्यापासून मी फोटो जरा आदराने बघायला लागलो. त्या हजारो मशीनांतलं एखादं अचानक गप्प व्हायचं. स्क्रीनवर त्याच्या नावापुढे लाल रंगात ‘ऑफलाइन’ उमटायचं. मग शरदने त्या कपाटापुढे जाऊन उभं राहायचं आणि ते का बोलत नाही ते शोधून काढायचं. एवढंच त्याचं काम, आणि त्याच्या मते जगात करण्याजोगं तेवढंच काम होतं.

हे काम त्याच्या लग्नाच्या आड आलं असं मी गमतीने म्हणायचो. एकदा ओतूरकडचे पावणे बघायला आले. मुलीच्या मामाने विचारलं, “म्हंजी वायरमनच की वो?” आता ‘हो, तसंच काहीसं’ म्हणून चहा प्यायचा की नाही? शरदने पोह्याची बशी बाजूला सारली आणि मामाला बसवून घेतलं. वायर म्हणजे काय, दिवा म्हणजे काय, मशीन मुकं होतं म्हणजे काय... पोहे वाळले, मामा घाम पुसायला लागले, मुलगी मात्र छान ऐकत होती. नंतर निरोप आला, ‘मुलगा बोलतो लई.’ शरदला त्याचं काही वाटलं नाही. “दाजी, अख्ख्या जुन्नर तालुक्यात नेटवर्क कळणारा एकच माणूस आहे, आन् तो तुमच्या पंक्तीला बसलाय,” असं म्हणत त्याने आमटी पुन्हा वाढून घेतली. नम्रता हा गुण त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. तो वाद घालायचा, प्रत्येक कार्याला उशिरा यायचा, आणि आला की माझ्या जागेवर बसायचा. लग्न राहिलं ते राहिलंच. पुण्यात भाड्याची खोली, सुट्टीला येडगावला आईकडे नाहीतर वारूळवाडीला आमच्याकडे, असं त्याचं चाललं होतं.

माझ्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला की मात्र मला त्याचा माज गोड लागायचा. गिऱ्हाईक बिलासाठी खोळंबलेलं, मी घामाघूम, आणि फोनवर त्याचा थंड आवाज, “दाजी, आधी दिवा बघा.”

“बघतोय रे. हिरवा आहे.”

“लुकलुकतोय का?”

“नाही. एकदम शांत आहे, देवघरातल्यासारखा.”

मग म्हणाला, “दाजी, तुमी इन्व्हर्टरचा दिवा बघताय.”

खरंच मी इन्व्हर्टरचा दिवा बघत होतो. आणि तोवर घाईघाईत मागच्या सगळ्या वायरी उपटून पुन्हा खोचल्याही होत्या, मनाला येईल तिथे. हे सांगितल्यावर तो जो भडकला! “एका येळी एकच गोष्ट बदलायची हो! एक हलवायची, थांबायचं, दिव्याकडं बघायचं. सगळं एकदम उपटलं तर दोष कुठं व्हता ते कळणार कसं?” ही त्याची पद्धत होती. आधी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. मग वायर जागच्या जागी दाबून बघायची. मग वायर बदलायची, मग ती खोचतात ती खाच बदलायची, मग पलीकडच्या टोकाला जाऊन तेच सगळं पुन्हा. आणि वायर बदलायची ती कुठलीही नाही. त्याच्या पिशवीत एक आखूड निळी केबल असायची, दोन्ही टोकांना लाल दोरा गुंडाळलेली. ती ‘खात्रीची’. तिला तो कामाशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. “सगळं संशयाचं असलं की काहीच कळत न्हाई, दाजी. एक तरी गोष्ट खात्रीची लागते. ती लावूनही दिवा आला न्हाई, तर मग समजायचं, दोष लई आत हाय.”

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात येडगावला सासूबाईंच्या अंगणात शेवयांचा घाट चालला होता. शैला मशीनवर शेवया पाडत होती, सासूबाई त्या दांडीवर वाळत घालत होत्या, आणि मी राखण करत होतो, म्हणजे खुर्चीत बसलो होतो. शरद नुकताच आला होता, खुशीत होता. त्याने एक मशीन वाचवलं होतं. त्याच्या साहेबाने ते मेलं म्हणून सांगितलं होतं, काढून टाकायचा हुकूमही झाला होता. “मी म्होरं जाऊन उभा राहिलो,” शरद सांगत होता, “तर पंखे चालू. अंगावरचे दिवे लुकलुकतायत. म्हटलं, मेलेलं असा श्वास घेतं का?” मग त्याने दांडीवरच्या दोन वाळलेल्या शेवया उचलल्या. शैला ओरडली, “शऱ्या, मोडशील!” त्याने तिकडे दुर्लक्ष करून त्या शेजारी-शेजारी धरल्या. तिथली वायर म्हणे तांब्याची नसते, काचेचे असे दोन धागे असतात आणि त्यांच्यातून उजेड धावतो. एका धाग्यातून आपण मशीनशी बोलायचं, दुसऱ्यातून मशीन आपल्याशी. “ह्यो यायचा धागा,” असं म्हणून त्याने एक शेवई जरा वाकवली आणि ती पटकन मोडली. “ह्यो असा मोडला व्हता. वर छताला, वायरींच्या गठ्ठ्याखाली दबून. जायचा धागा साबूत.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय! बाहेरून बघणाऱ्याला ते मेलेलंच दिसणार. पण मी चाकाच्या गाड्यावरचा स्क्रीन नेऊन थेट मशीनलाच जोडला, आन् त्याच्या बाजूनं बघितलं. आपण पाठवलेला उजेड त्याला सगळा पोचत व्हता, दाजी. शेवटपर्यंत. त्याचाच आपल्यापर्यंत येत न्हवता.”

दांडीवरची शेवई सारखी करत सासूबाईंनी विचारलं, “मंग त्याला कळत आसंल का रं, का आपलं कुनाला ऐकू जाईना म्हनून?”

शरद खो-खो हसला. “आई, मशीन हाय गं ते!”

आम्ही सगळेच हसलो होतो.

त्याच मुक्कामात, निघताना, त्याने शैलाला ओट्याशी गाठून विचारलं, “ताई, मी येऊ का इकडं? ऱ्हायला?” त्या गारठ्यात आणि पंख्यांच्या घरघरीत त्याचे कान सतत वाजायला लागले होते, रात्रपाळ्यांनी झोप मोडली होती. नारायणगावात छोटं दुकान टाकावं, लोकांची नेटवर्कं जोडून द्यावीत आणि आमच्या आतल्या खोलीत राहावं, असं त्याच्या मनात होतं. ती आतली खोली म्हणजे माझं गोदाम. न खपलेले फवारणीचे पंप, पोती, जुने फलक. शैला म्हणाली, “बघू. विचार करून सांगते.” यात काही वावगं नव्हतं. घर बघूनच बोलावं लागतं. त्याने नंतर फोनवर एक-दोनदा विचारलंही, हसत-हसत, “ताई, खोलीचं काय?” आणि ती म्हणायची, “अरे सांगते ना!” तिचं बहुधा ठरलंच होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मग त्याच्या घरमालकाचा फोन आला. शरद न्हाणीघरात पडला होता. मेंदूत रक्तस्राव. आम्ही पुण्याच्या इस्पितळात पोचलो तेव्हा तो काचेच्या पलीकडे होता, नाकातोंडात नळ्या, आणि भोवती मशीनं. सगळ्या मशीनांना दिवे, सगळे हिरवे, सगळे लुकलुकणारे. आयुष्यभर ज्याने मला दिवे बघायला शिकवलं त्याच्या उशाशी उभा राहून मी दिवे बघत होतो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डॉक्टर भले होते, रोज थांबून बोलायचे. रोज तेच, “अजून प्रतिसाद नाही.”

शैला आत एकटी जायची, सोडतील तेवढा वेळ. काय बोलत होती ते तिने मला नंतर सांगितलं. पहिल्याच दिवशी तिने त्याच्या कानाशी वाकून सांगितलं होतं, “शऱ्या, ये तू. खोली तुझीच. यांना पंप हलवायला लावलेत.” आणि खरंच, तिने मला वारूळवाडीला पिटाळून खोली रिकामी करून घेतली. पंप, पोती सगळं मी कळंबला दुकानात नेऊन टाकलं. भिंती पुसल्या, खाट टाकली. फलक उचलताना पाय घसरून पोत्यावर बसलो, हेही तिने त्याला जाऊन सांगितलं, तो हसेल म्हणून. तो हसला नाही. पापणी हलली नाही. ती रोज तेच उत्तर घेऊन आत जायची आणि पोचलं की नाही ते न कळता बाहेर यायची.

तेव्हा मला त्याची पद्धत आठवली. एका वेळी एकच गोष्ट. एक दिवस फक्त हात धरायचा, बोलायचं नाही. एक दिवस फक्त बोलायचं. एक दिवस शैलाने डाव्या कानाऐवजी उजव्या कानाशी सांगितलं. हसू नका... म्हणजे हसा, मीही स्वतःला हसलो असतो, पण माणूस त्या काचेबाहेर बसला की काय-काय करतो ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. बदल केला की मी काचेतून त्या हिरव्या रेषेकडे बघायचो. रेषा होती तशीच.

शेवटी मीच म्हणालो, आईंना आणू या. त्यांना गाडीने आणलं. वाटभर त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसल्या होत्या. आत गेल्यावर त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि लहानपणी धरणाच्या पाण्यातून त्याला बाहेर बोलवायच्या त्याच आवाजात हाक मारली, “बाळू... आरं ये की आता. लई वेळ झाला.” नर्ससुद्धा थांबली. त्या आवाजाला शरद कुठूनही यायचा, मी बघितलेलं आहे. जेवताजेवता उठायचा, भांडण अर्धं सोडून जायचा. आमच्याकडे खात्रीचं असं तेवढं एकच होतं.

काही झालं नाही.

मला त्याचं ‘दोष लई आत हाय’ हे वाक्य आठवलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो. शैलाला मी ते सांगितलं नाही. पण तिलाही ते माहीत असणार; तिच्यासमोरच तो बोलायचा.

त्याच्याबरोबर काम करणारी मेघना म्हणून एक मुलगी त्याची पिशवी घेऊन आली. रडून डोळे सुजलेले. शैलाने तिला बाकड्यावर जवळ बसवलं आणि विचारलं, “तो म्हणायचा, मशीन मेलेलं दिसलं तरी उजेड आत पोचत असतो. खरं का गं?”

“होतं ताई तसं. कधीकधी.”

“मग ते कळतं कसं?”

“त्या मशीनच्या बाजूला जाऊन बघावं लागतं. आपल्या बाजूने नाही कळत.”

शैला अगदी सरळ, दुकानात भाव विचारावा तशी म्हणाली, “मग त्याच्या बाजूला कसं जायचं?”

मेघना तिच्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरांनाही विचारून बघितलं, माझ्या भाषेत, उजेड वगैरे न आणता. ते म्हणाले, सांगता येत नाही. प्रामाणिक माणूस. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

दोनेक दिवसांनी शरद गेला.

दहाव्याला येडगावला पिंड ठेवला. अशा वेळी कावळा शिवला नाही की घरच्यांनी पुढे होऊन सांगायचं असतं, तुझं राहिलेलं आम्ही पुरं करू. शैला तयारीने आली होती, ओठ हलत होते. तीच वाक्यं, ‘खोली रिकामी केली, ये.’ एवढ्या लोकांत मोठ्याने म्हणायची होती. पण पिंड ठेवून माणसं मागे सरली नाहीत तोच कावळा आला आणि शिवून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. “लई शांत गेला बघा,” कुणीतरी म्हणालं, “कायबी मागं ठेवलं न्हाई.” चप्पल घालताना शैला माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “अहो, उत्तर मिळालं म्हणून शिवला... की वाट बघायची सोडली म्हणून?”

मी बोलघेवडा माणूस. मयतीतही किस्से सांगतो म्हणून सासुरवाडीत बदनाम आहे. तिथे मात्र मी माझ्या चपला शोधायला लागलो, त्या पायातच होत्या. लोक सांगतात, काळ जाऊ द्या. काळ जातोय. शैला रोज आतली खोली झाडते, खाटेवरची चादर बदलते, आणि शरदचा फोन चार्ज करून कपाटात ठेवते. का, ते मी विचारत नाही. त्या उन्हाळ्याच्या शेवया डब्यात आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही. त्याची निळी केबल मी आमच्या राउटरशेजारी खिळ्याला अडकवली आहे. परवा नेट गेलं तेव्हा मी आधी दिवा बघितला, इन्व्हर्टरचा नव्हे, बरोबर तोच. लाल होता. मग हात न लावता थांबलो. मग एकच गोष्ट बदलली, खात्रीची केबल लावली. दिवा लालच. घरात सगळं ठीक होतं. मंचरच्या बाजूला रस्ता खोदताना कुणीतरी जमिनीतली वायर तोडली होती, हे दुपारी कळलं. पण तेव्हा, सकाळी, त्याने शिकवलेलं सगळं करून झालं होतं, पुढची पायरी नेहमीची होती, आणि मी ती चढलो. शरदला फोन लावला.

शैला आतून बाहेर आली तेव्हा फोन तिच्या हातात वाजत होता. तिने फोनचा पडदा माझ्याकडे केला. माझं नाव त्याने कसं साठवलं होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. ‘दाजी दिवा’. मला हसू आलं. रिंग थांबली. मी म्हणालो, “चुकून लागला गं. सवयीने.” मला वाटलं, ती रडेल, किंवा चिडेल. तिने फोनवरचा कणकेच्या बोटाचा ठसा पदराने पुसला. मग पुन्हा आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. मग खोलीचंही दार तिने आतून ओढून घेतलं, आणि दारापलीकडून म्हणाली,

“हं, आता लावा परत. मी या बाजूनं बघते, पोचतंय का.”